जुन्या गोळीचे नवे पेटंट आणि आपली हरकत

महिला मंडळ म्हटले की शिलाई मशीन आलेच. कुठे शासकीय योजनेतून मिळालेले, कुठे देणगीदाराने फोटो काढून दिलेले, कुठे बचत गटाच्या कर्जातून घेतलेले. ‘बायकांना काय, एक मशीन द्या’ या वृत्तीवर आपण आजवर भरपूर टीका केली आहे आणि ती रास्तच आहे. आज मात्र मशीनबद्दल एक वेगळीच गोष्ट सांगायची आहे. लुधियानातला कुठलाही छोटा कारखानदार पायमशीन बनवून विकू शकतो आणि त्यासाठी त्याला कुणाची परवानगी लागत नाही. हे नेहमीच असे नव्हते.

एलायस हाउ या अमेरिकन कारागिराने 1846 मध्ये दोन धाग्यांनी टाका घालणाऱ्या यंत्राचे पेटंट घेतले. पुढे आयझॅक सिंगर आणि इतरांनी त्यात सुधारणा केल्या, त्यांचीही पेटंटे घेतली आणि सगळे एकमेकांवर खटले भरत बसले. शेवटी 1856 मध्ये हाउ आणि तीन मोठ्या कंपन्या एकत्र आल्या. त्यांनी आपापल्या पेटंटांची मोट बांधली आणि मशीन बनवू पाहणाऱ्या प्रत्येकाकडून दर मशीनमागे सुरुवातीला 15 डॉलर घ्यायला सुरुवात केली. अर्थातच तो पैसा शेवटी मशीन घेणाऱ्या शिंपिणीच्या खिशातून जाई. अमेरिकेत तेव्हा पेटंट 14 वर्षांचे असे. पण हाउने आपले पेटंट सात वर्षांनी वाढवून घेतले. या मोटेतले बॅचेल्डर नावाच्या माणसाचे 1849 चे पेटंट तर दोनदा वाढवून घेतले गेले आणि ते 1877 मध्ये संपले. म्हणजे 14 वर्षांचे 28 वर्षे चालले. ते संपले तेव्हा मोट सुटली आणि मशीन खऱ्या अर्थाने सर्वांचे झाले.

ही गोष्ट एवढ्या विस्ताराने सांगितली, कारण पेटंट म्हणजे काय आणि त्यात लबाडी कुठे शिरते, हे दोन्ही तिच्यात आहे.

पेटंट ही मुळात समाजाने संशोधकाशी केलेली देवाणघेवाण आहे. तू शोध लावलास, तो लपवून ठेवू नकोस. त्या धंद्यातल्या जाणकाराला वाचून करता येईल इतका स्पष्टपणे तो लिहून दे. त्याबदल्यात ठराविक वर्षे तुझ्याखेरीज कुणी तो वापरणार नाही. मुदत संपली की शोध सर्वांचा. आज भारतात ही मुदत अर्ज केल्या तारखेपासून 20 वर्षांची आहे. दरवर्षी शुल्क भरले नाही तर पेटंट त्याआधीच बाद होते. शिवाय पेटंट देशापुरते असते. अमेरिकेत पेटंट घेतले आणि भारतात घेतलेच नाही, तर भारतात तो शोध वापरायला मोकळीक आहे. फक्त कंपनीचे नाव आणि चिन्ह वापरता येत नाही, आणि मूळ शोधावर नंतर झालेल्या सुधारणेचे वेगळे पेटंट असेल तर ती सुधारणा तेवढी टाळावी लागते. निर्धूर चूल असो, धान्य वाळवण्याचे यंत्र असो की पॅड बनवण्याचे, ‘यावर पेटंट आहे, तुम्हाला जमणार नाही’ असे कुणी सांगितले तर कुठल्या देशातले, कोणत्या साली घेतलेले आणि अजून चालू आहे का, हे तीन प्रश्न विचारावेत. मुदत संपलेल्या पेटंटचा कागद म्हणजे कुणीतरी फुकट लिहून ठेवलेली कृती असते.

आता ज्याला मुदतीचे बंधन नकोसे झाले आहे तो काय करील? बॅचेल्डरच्या काळात थेट मुदतवाढ मागता येत असे. आज भारतात ती मिळत नाही. म्हणून मूळ शोधाला थोडे इकडेतिकडे करायचे आणि त्याचे नवे पेटंट मागायचे, ही युक्ती निघाली. हे सर्वाधिक औषधांत चालते. रसायन तेच, त्याचा नवा क्षार. गोळी तीच, तिचे नवे रूप. दोन जुनी औषधे एका गोळीत. प्रत्येक वेळी आणखी काही वर्षांची मक्तेदारी. याला ‘एव्हरग्रीनिंग’ म्हणतात. आपल्या भाषेत सांगायचे तर जुनेच लुगडे रंगवून नव्या भावाने विकणे.

आपल्या देशाचा पेटंट कायदा 1970 चा. त्यात औषधांच्या बाबतीत रसायनाला पेटंट मिळत नसे, फक्त ते बनवण्याच्या पद्धतीला, तेही अवघ्या पाच ते सात वर्षांसाठी मिळे. त्यामुळे आपल्या कंपन्यांनी दुसऱ्या पद्धतीने तीच औषधे बनवली आणि ती जगभरच्या गरिबांना पुरवली. नव्वदच्या दशकात डंकेल प्रस्तावाविरुद्ध आपल्या आधीच्या पिढीतल्या कार्यकर्त्या मोर्चात उतरल्या, त्या या कायद्याच्या बचावासाठीही होत्या. तो लढा आपण हरलो. जागतिक व्यापार संघटनेच्या करारामुळे 2005 मध्ये औषधाच्या रसायनाला 20 वर्षांचे पेटंट देणे भाग पडले. पण त्या वेळी झालेल्या दबावामुळे कायद्यात दोन गोष्टी राहिल्या, आणि मला वाटते त्या लढ्याची ती खरी कमाई आहे. एक, कलम 3 (डी): माहीत असलेल्या पदार्थाचा नवा क्षार किंवा नवे रूप हा मूळ पदार्थच समजला जाईल, त्याचा औषधी गुण ठळकपणे वाढल्याचे सिद्ध केल्याखेरीज पेटंट मिळणार नाही. दोन, कलम 25 (1): पेटंट मंजूर होण्याआधी कोणतीही व्यक्ती हरकत घेऊ शकते. ‘कोणतीही व्यक्ती’ हे शब्द नीट वाचावेत. कंपनी नव्हे, तज्ज्ञ नव्हे, वकील नव्हे. मंजुरीनंतर हरकत घ्यायची तर एका वर्षाच्या आत आणि ‘हितसंबंध असलेली व्यक्ती’ असावे लागते. मंजुरीआधी मात्र ही अट नाही.

कलम 3 (डी) ची मोठी कसोटी रक्ताच्या कर्करोगावरील ग्लिव्हेक या औषधावर झाली. नोव्हार्टिस कंपनीने ज्ञात रसायनाच्या एका स्फटिकरूपावर पेटंट मागितले होते. मुंबईच्या कॅन्सर पेशंट्स एड असोसिएशनने हरकत घेतली आणि 2006 मध्ये चेन्नईच्या पेटंट कार्यालयाने अर्ज फेटाळला. कंपनी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि 1 एप्रिल 2013 रोजी तिथेही हरली. कंपनीचे औषध महिन्याला सुमारे 1 लाख 20 हजारांचे होते, भारतीय कंपन्यांचे आठ ते दहा हजारांचे.

हे सारे आपल्या शिबिरांत कुणी सांगते का? पेटंट म्हटले की आपण हळदीची गोष्ट सांगतो. अमेरिकेतल्या मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला 1995 मध्ये जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट मिळाले, डॉ. रघुनाथ माशेलकर प्रमुख असलेल्या सीएसआयआर या सरकारी संशोधन संस्थेने जुने ग्रंथ पुढे करून आव्हान दिले आणि 1997 मध्ये ते रद्द झाले. गोष्ट खरी आहे, महत्त्वाची आहे आणि सांगायला फार सोपी आहे. आजीच्या बटव्यावर गोऱ्यांचा डोळा, की टाळ्या पडतातच. पण हळदीचे ते पेटंट राहिले असते तरी आपल्या कुणाच्याही स्वयंपाकघरातली हळद थांबली नसती. बाईच्या जिवावर बेततात ती गोळ्यांची आणि इंजेक्शनांची पेटंटे. त्यांबद्दल आपण गप्प असतो, कारण तिथे आजी नाही आणि रसायनांची नावे जिभेवर येत नाहीत.

म्हणून बेडाक्विलीन हे नाव आता जिभेवर आणूया.

नेहमीच्या औषधांना दाद न देणाऱ्या टीबीवर अनेक वर्षे कॅनामायसिनसारखी इंजेक्शने दिली जात. महिनोन्महिने, जवळजवळ रोज. त्यांनी अनेकांचा टीबी बरा झाला आणि अनेकांचे कान गेले. टीबी झालेल्या बाईचे घरात काय होते हे वस्तीत काम करणाऱ्या प्रत्येकीला माहीत आहे. ताट वेगळे होते, मूल जवळ येऊ देत नाहीत, ‘बरी झालीस की ये’ म्हणून माहेरी धाडतात आणि नंतर न्यायला कुणी येत नाही. त्यात ती ऐकू न येणारी झाली तर तिचे काम जाते, लग्न व्हायचे असेल तर ते जाते, आणि दवाखान्यात तिच्या वतीने दुसराच कुणी बोलू लागतो. औषध उपलब्ध असण्या-नसण्याचा प्रश्न असा थेट बाईच्या घरातल्या जागेशी जाऊन भिडतो.

अमेरिकेत 2012 च्या अखेरीस बेडाक्विलीनला मान्यता मिळाली. चाळीसहून अधिक वर्षांत टीबीवर आलेले हे पहिले नव्या जातीचे औषध, आणि गोळीच्या रूपात. या औषधाच्या चाचण्यांवर कंपनीबरोबरच सरकारी आणि दानाचा पैसाही मोठ्या प्रमाणात खर्च झाला होता. मालकी मात्र जॉन्सन अँड जॉन्सनची. भारतात ते 2016 मध्ये आले ते सहा केंद्रांपुरते आणि कंपनीच्या देणगीतून. मोजक्या गोळ्या असल्या की त्या कुणाला द्यायच्या याचे नियम निघतात. पाटण्याच्या 18 वर्षांच्या एका मुलीला ती दिल्लीची रहिवासी नाही म्हणून औषध नाकारले गेले. तिच्या वडिलांना उच्च न्यायालयात जावे लागले, तेव्हा 2017 च्या जानेवारीत ते तिला मिळायची वाट मोकळी झाली. उशीर झालेला होता. पुढच्याच वर्षी ती गेली.

बेडाक्विलीनच्या मूळ रसायनाचे भारतातले पेटंट 18 जुलै 2023 ला संपणार होते. कंपनीने त्याच रसायनाच्या फ्युमारेट क्षारावर दुसरा अर्ज करून ठेवला होता. तो मंजूर झाला असता तर मक्तेदारी 2027 च्या अखेरपर्यंत लांबली असती. चार वर्षांहून अधिक! हा अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयात होता. त्यावर हरकत घेतली महाराष्ट्रातल्या एचआयव्हीबाधितांच्या नेटवर्कने. आणि 2019 मध्ये दोन तरुण स्त्रियांनी हरकत घेतली: मुंबईच्या नंदिता वेंकटेशन आणि दक्षिण आफ्रिकेत केपटाउनजवळच्या खायेलित्शा वस्तीतल्या फुमेझा तिसिले. दोघींना टीबी झाला होता, दोघी त्यातून वाचल्या होत्या आणि इंजेक्शनांच्या विषारी परिणामाने दोघींची श्रवणशक्ती गेली होती. आपल्या कायद्यातल्या ‘कोणतीही व्यक्ती’ या दोन शब्दांत दूरच्या देशातली ही स्त्रीही बसली. ‘डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स’ ही संस्था त्यांच्या पाठीशी होती आणि वकीलही होते. पण हरकतीच्या कागदावर नावे त्या दोघींची होती.

त्यांचा मुद्दा गुंतागुंतीचा नव्हता. औषध शरीरात नीट शोषले जावे म्हणून त्याचा क्षार करणे हे औषधनिर्मितीतले रोजचे काम आहे. फ्युमारेट क्षारही इतर औषधांत आधीपासून वापरात होता. मग यात नवा शोध कुठला? 23 मार्च 2023 रोजी, जागतिक क्षयरोग दिनाच्या आदल्या दिवशी, पेटंट कार्यालयाने कंपनीचा अर्ज फेटाळला. कल्पकतेची पायरी यात नाही, आणि कलम 3 (डी) आडवे येते. जुलैमध्ये मूळ पेटंट संपले आणि भारतीय कंपन्यांची वाट मोकळी झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टअखेर जगभरच्या सरकारांसाठी टीबीची औषधे खरेदी करणाऱ्या यंत्रणेने सहा महिन्यांच्या उपचाराचा दर 130 डॉलरवर, म्हणजे आधीच्या निम्म्याहूनही खाली, आल्याचे जाहीर केले. आणि सप्टेंबरच्या शेवटी कंपनीने 134 गरीब व मध्यम देशांत या औषधाची पुढची पेटंटे बजावणार नाही असे घोषित केले.

कुणी म्हणेल, आपल्याकडे टीबीचे औषध सरकार फुकट देते, मग किमतीचा संबंध काय? संबंध असा, की सरकारला महाग पडणारे औषध रेशनसारखे मोजून मिळते. पाटण्याच्या त्या मुलीला कुणी पैसे मागितले नव्हते. 2024 च्या सप्टेंबरमध्ये केंद्र सरकारने बेडाक्विलीनसह चार औषधांचा सहा महिन्यांचा, इंजेक्शनविरहित उपचार मंजूर केला. तो तालुक्याच्या ठिकाणापर्यंत पोचायचा तर गोळी स्वस्त आणि एकाहून अधिक कंपन्यांकडून मिळणारी हवी.

या दोघींच्या यशाचा आनंद साजरा करतानाच वाईट बातमीही सांगितली पाहिजे. 10 मार्च 2024 ला भारताने स्वित्झर्लंड, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनस्टाइन या देशांशी व्यापार करार केला. स्वित्झर्लंड हे बड्या औषध कंपन्यांचे माहेरघर. पाचच दिवसांनी, 15 मार्चला, केंद्र सरकारने पेटंटचे नवे नियम अधिसूचित केले. मंजुरीआधीच्या हरकतीला पूर्वी शुल्क नव्हते, ते आता लावले गेले. हरकत ऐकण्याजोगी आहे की नाही हे आधी अधिकारी ठरवणार आणि मग ती पुढे जाणार. पेटंट घेतल्यावर तो शोध भारतात प्रत्यक्ष वापरला जातो का, याचे निवेदन दरवर्षी द्यावे लागे, ते आता तीन वर्षांतून एकदा. या दोन तारखांचा संबंध योगायोगाचा आहे असे ज्यांना मानायचे त्यांनी मानावे. मला तसे वाटत नाही. कायद्यातले ‘कोणतीही व्यक्ती’ हे शब्द जागच्या जागी आहेत, फक्त दाराशी एक पहारेकरी आणि एक गल्लापेटी ठेवली आहे.

वर सांगितलेले निवेदन ही वरवर कारकुनी बाब वाटते, पण तिच्यावर आणखी एक हक्क उभा आहे. पेटंट मंजूर होऊन तीन वर्षे झाल्यावर औषध पुरेसे मिळत नसेल, परवडत नसेल किंवा इथे त्याचा वापर होत नसेल तर ते बनवण्याचा सक्तीचा परवाना दुसऱ्याला देता येतो. 2012 च्या मार्चमध्ये मुंबईच्याच पेटंट कार्यालयातून यकृत आणि मूत्रपिंडाच्या कर्करोगावरील बायर कंपनीच्या औषधासाठी असा परवाना नॅटको या भारतीय कंपनीला मिळाला आणि महिन्याचा खर्च 2 लाख 80 हजारांवरून 8,800 रुपयांवर आला. आजवर तो एकच. केरळमध्ये स्तनाच्या कर्करोगाने आजारी असलेल्या एका स्त्रीने रायबोसिक्लिब या औषधासाठी असा परवाना द्यावा म्हणून उच्च न्यायालयात याचिका केली. महिन्याला पन्नास हजारांहून अधिक खर्च तिला झेपत नव्हता. याचिका चालू असतानाच 2022 च्या सप्टेंबरमध्ये तिचे निधन झाले. न्यायालयाने प्रश्न महत्त्वाचा आहे म्हणून प्रकरण पुढे चालू ठेवले.

आपल्यापैकी काहींचे म्हणणे पडते की हा आरोग्य चळवळीचा विषय आहे, स्त्री-संघटनांनी किती आघाड्यांवर लढायचे? हिंसा आहे, पाणी आहे, रेशन आहे. हा थकवा मला समजतो. पण मथुरा प्रकरणातल्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालावर 1979 मध्ये चार प्राध्यापकांनी खुले पत्र लिहिले, त्यानंतर आपल्या बायका निकालपत्रे वाचायला शिकल्या. तोवर निकालपत्र हेही वकिलांचेच काम समजले जात होते. साक्षीपुराव्याची भाषा कुणी आपल्याला शिकवून ठेवली नव्हती. पेटंटचा अर्ज त्याहून अवघड नाही. त्यातले रसायनशास्त्र समजावून सांगणारी एखादी औषधशास्त्राची प्राध्यापिका प्रत्येक जिल्ह्याच्या ठिकाणी सापडेल. तिला विचारायचे एवढेच, की बाई, यात नवे काय आहे?

आणि विचारायला मजकूर हाताशी आहे. पेटंटचे अर्ज साधारण 18 महिन्यांनी प्रसिद्ध होतात. पेटंट कार्यालयाचे जर्नल दर शुक्रवारी निघते आणि संगणकावर कुणालाही फुकट वाचता येते. महाराष्ट्र आणि गोव्यासाठीचे कार्यालय मुंबईत अँटॉप हिलला आहे. एखाद्या संघटनेने स्तनाचा व गर्भाशयाचा कर्करोग, टीबी, एचआयव्ही आणि गर्भनिरोधके एवढ्याच विषयांवरचे अर्ज दर तीन महिन्यांनी चाळून त्यांची यादी आपल्या अंकात छापायची ठरवली तर दोन जणींचे आठवड्यातले काही तास लागतील. रुग्णांच्या संघटना हे काम वर्षानुवर्षे करत आल्या आहेत. त्यांच्या हरकतीखाली आपलीही सही असायला हवी, कारण नव्या नियमांनुसार अधिकारी ‘तुम्ही कोण?’ असे विचारू शकतो, आणि एकट्या आजारी बाईपेक्षा पन्नास संघटनांना तो प्रश्न विचारणे जड जाते.